बंद दार दिसलं की वहीत लिहा: ‘अ लिंक टू द पास्ट’ पहिल्यांदा खेळताना

मे महिन्यातल्या नागपुरी दुपारी घरात दोनच गोष्टी चालू असतात, कूलर आणि टीव्ही. यंदा त्यात भाच्याची भर पडली. वय तेरा, मोबाइलवरच्या गोळीबारात वस्ताद. त्याला मी ‘द लेजेंड ऑफ झेल्डा: अ लिंक टू द पास्ट’ लावून दिला आणि आत जाऊन आडवा झालो. पाऊण तासात त्यानं मला हलवून उठवलं. "मामा, हा गेम बिघडला वाटते. कुठं जायचं ते सांगूनच नाही राहिला."

गेम बिघडलेला नव्हता. 1991 साली जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या गेमयंत्रावर (जपानबाहेर त्याचं नाव सुपर निन्टेन्डो) आलेला निन्टेन्डोचा हा खेळ सांगतो भरपूर, फक्त पडद्यावर बाण काढून सांगत नाही. दारं, दगड, भिंतीवरचे तडे आणि कपाटावर ठेवलेलं एखादं पुस्तक, अशा गोष्टींतून तो बोलतो. ही भाषा एकदा कळली की हा खेळ तर सुटतोच, पण त्यानंतर आलेले असे कितीतरी खेळ ओळखीचे वाटू लागतात, कारण त्यांनी हीच बाराखडी गिरवली आहे. भाच्याला जे तुकड्यातुकड्यानं सांगितलं ते इथं सलग लिहितो. आधी एवढंच डोक्यात ठेवा की या खेळात ‘नाही’ म्हणजे ‘नंतर’.

पायरी पहिली: बसण्याआधी

आज हा खेळ मिळायची सरळ वाट म्हणजे निन्टेन्डो स्विच. त्याच्या वर्गणीत जुन्या सुपर निन्टेन्डो खेळांचा संग्रह येतो, त्यात हा आहे. मूळ कॅसेट 8 मेगाबिटची, म्हणजे जेमतेम 1 एमबी. लग्नाच्या ग्रुपवर येणारा एक फोटोसुद्धा कधीकधी याहून जड असतो. तेवढ्या जागेत ताकाशी तेझुका या दिग्दर्शकानं आणि शिगेरू मियामोतो या निर्मात्यानं एक सोडून दोन जगं बसवली, एक उजेडाचं आणि एक अंधाराचं.

सोबत शंभर पानी वही आणि पेन्सिल घ्या. वही कशाला ते पुढं येईलच. मोबाइलवर उत्तरं शोधायची नाहीत, निदान पहिले दोन-तीन दिवस.

सुरुवातीला नायकाचं नाव विचारतात, त्याला जागा सहाच अक्षरांची. नेहमीचं नाव लिंक. भाच्यानं ‘भाऊ’ लिहिलं. त्यामुळे पहिल्याच प्रसंगात लिंकचा काका आपल्या पुतण्याला ‘भाऊ, मी जरा बाहेर जाऊन येतो’ अशा थाटात सांगून जातो आणि आमच्याकडे त्यावर बरीच हसाहशी झाली. नायक स्वतः मात्र खेळभर तोंड उघडत नाही. लोक त्याच्याशी बोलतात, तो ऐकतो. ही या मालिकेची जुनी रीत आहे. त्याच्या तोंडी वाक्य नसल्यामुळे त्याच्या जागी आपण बसतो. ‘आता काय करायचं?’ हा प्रश्न तो विचारत नाही, म्हणून आपल्यालाच विचारावा लागतो.

पायरी दुसरी: पावसाची रात्र घाई न करता खेळा

खेळ सुरू होतो तेव्हा मध्यरात्र असते आणि बाहेर धो धो पाऊस. झोपेत एका मुलीचा आवाज येतो की मी राजवाड्याच्या तळघरात कैदेत आहे, मला सोडव. ती राजकन्या झेल्डा. जाग येते तेव्हा काका तलवार घेऊन निघालेला असतो. घराबाहेर पडू नकोस, असं बजावून तो जातो. आता तुम्ही काय करणार? बाहेरच पडणार. मोठ्यांनी घातलेली बंदी मोडण्यापासून साहसकथा सुरू करण्याची ही तऱ्हा आपल्या आजीच्या गोष्टींतही होती. सगळीकडे जा पण त्या एका दिशेला जाऊ नको, असं सांगितलं की राजपुत्र पहिल्यांदा तिकडेच जाणार.

निघण्याआधी घरातली पेटी उघडा, तिच्यात कंदील आहे. इथं पहिला धडा मिळतो: पेटी दिसली की उघडायची.

बाहेर आल्यावर जरा प्रयोग करा. गावाकडे जाऊन बघा, पूर्वेला जाऊन बघा. प्रत्येक वाटेवर शिपाई उभा आणि तो परत पाठवतो. हातात तलवार नाही, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नाही. भाचा इथंच चिडला होता. "जाऊच नाही देत तं मोठा मॅप कायले बनवला?" नीट पाहिलं तर सगळ्या वाटा बंद करून खेळानं एकच उघडी ठेवली आहे, राजवाड्याची. ‘राजवाड्यावर जा’ अशी पाटी मात्र कुठंही लावलेली नाही. झेल्डा पुन्हा मनात बोलते आणि बागेजवळच्या गुप्त वाटेचा इशारा देते. तिथं एक झुडूप आहे. उचला, खाली भोक. उडी मारा. खाली काका जखमी होऊन पडलेला. तो तलवार आणि ढाल देतो, आणि त्याचा गोष्टीतला भाग तिथं संपतो.

वडीलधाऱ्यानं शस्त्र द्यायचं आणि पडद्याआड जायचं, ही कल्पितकथांची फार जुनी चाल. पण इथं तिच्यामुळे कारागिरीचं एक काम सुटतं. तलवार हातात येते ती एका अरुंद भुयारात, समोर एखाददुसराच शिपाई असताना. चुकलात तरी फार बिघडत नाही. पुढं झेल्डाला सोडवून तिच्यासोबत अंधाऱ्या भुयारातून मंदिरापर्यंत जाताना किल्ली, बंद दार, कंदील, ढकलायची वस्तू, सगळं एकेकदा वापरून होतं. शिकवणी संपली, आणि कुणी शिकवतंय हे जाणवलंही नाही.

मंदिरातून बाहेर पडलात की पाऊस थांबलेला असतो आणि उजाडलेलं असतं. शिपायांनी अडवलेल्या वाटा मोकळ्या. हा क्षण मला अजूनही आवडतो. मृगाची पहिली सर पडून गेल्यावर अंबाझरीच्या बांधावर उभं राहिलं की जसं सगळं धुतल्यासारखं दिसतं, तसं.

जाता जाता एक. याच मालिकेचा पहिला खेळ 1986 चा. त्यात ही पावसाची रात्र वगैरे काही नव्हतं. नायक उघड्या माळावर उभा, आणि त्याच पडद्यावर डोंगरात एक काळं दार. आत गेलं तर म्हातारा तलवार देतो. न जाता पुढं चालू पडलात तर रिकाम्या हातानं मरा. पाच वर्षांत हे लोक सांगण्याच्या कलेत किती पुढं गेले ते या दोन सुरुवाती शेजारी ठेवून पाहा.

पायरी तिसरी: वही उघडा

आता मोठा नकाशा तुमच्यासमोर आहे आणि निम्म्याहून जास्त ठिकाणी तुम्ही अडणार आहात. घाबरू नका, प्रत्येक अडलेली जागा वहीत लिहा.

नागपूरकरांना हे समजवायला सीताबर्डीचा किल्ला पुरतो. शहराच्या ऐन मध्यात टेकडीवर बसलाय. स्टेशनकडून या, बर्डीवर खरेदीला जा, डोळ्यांसमोर किल्ला. पण तो लष्कराच्या ताब्यात आहे. आत जायचं तर 15 ऑगस्ट, 26 जानेवारी अशा मोजक्या दिवसांची वाट पाहावी लागते. लहानपणी आम्ही जाता-येता तिकडे बघायचो आणि आत काय असेल याच्या गोष्टी रचायचो. कायम उघडा असता तर एवढ्या रचल्या नसत्या. हा खेळ हेच करतो. कुलूप आधी दाखवतो, किल्ली नंतर देतो. मधल्या काळात ती जागा तुमच्या डोक्यात घर करते.

या खेळातली कुलपं अशी ओळखा. राखाडी दगड उचलता येत नसेल तर ताकदीचा हातमोजा हवा, आणि काळपट मोठा दगड असेल तर त्याहून वरचा. जमिनीत रोवलेले खुंट हातोड्यानं ठोकायचे. खोल पाण्यासाठी पोहण्याचे पंख लागतात. भिंतीला तडा असेल तर तिथं बॉम्ब. दरीपलीकडे एखादी पेटी किंवा ठोकळा दिसत असेल तर तिथं हुकशॉट, म्हणजे साखळीला बांधलेला आकडा, फेकायचा. यातलं सुरुवातीला हातात काहीच नसतं, आणि दिसतं मात्र सगळं.

एक साखळी पूर्ण सांगतो, म्हणजे गोम कळेल. काकारिको गावाच्या दक्षिणेला ग्रंथालय आहे. तिथं कपाटाच्या अगदी वर एक पुस्तक ठेवलेलं दिसतं. हात पोचत नाही, तलवारीनं पडत नाही. लिहून ठेवा. पुढं वाळवंटात एका महालासमोर शिलालेख आहे, लिपी वाचता येत नाही. तेही लिहून ठेवा. तिकडे पूर्वेला सहस्राहला नावाचे वृद्ध गृहस्थ भेटतात (नाव ऐकून भाच्याला वाटलं, हे रामटेककडचे असतील). पहिला डंजन, म्हणजे कोडी-कुलपांचा भुलभुलैया, जिंकून आलात की ते धावण्याचे बूट देतात. बूट घालून काय करायचं? पळायचं आणि आपटायचं. झाडावर आपटा, फळं पडतात. मग एका दुपारी डोक्यात उजेड पडतो, ते कपाट! धडक मारली की पुस्तक खाली. ते घेऊन वाळवंटात गेलात की शिलालेख वाचता येतो आणि महालाचं दार उघडतं.

तीन वेगळ्या ठिकाणी लिहिलेल्या तीन ओळी आणि मध्ये एक बुटांचा जोड. पुस्तकाचा वाळवंटाशी काय संबंध ते कुणी समोर बसून समजावत नाही, आपणच जोडतो. म्हणूनच कपाटावरून पुस्तक पडलं तेव्हा भाचा सोफ्यावरून उठून नाचला. बाण दाखवून तिथं नेलं असतं तर त्यानं नुसतं बटण दाबलं असतं.

वहीत दोन रकाने करा, एकात ‘कुठं’ आणि दुसऱ्यात ‘काय अडलं’. नवी वस्तू मिळाली की दुसरा रकाना वरून खाली वाचायचा.

पायरी चौथी: डंजनचं व्याकरण

डंजन म्हणजे खोल्या, कुलपं, शत्रू आणि शेवटी एक मोठा राक्षस, ज्याला सगळे बॉस म्हणतात. उजेडाच्या जगात असे तीन महत्त्वाचे आहेत, त्यांतून तीन पदकं मिळवली की मास्टर तलवार मिळते. पुढं अंधाराच्या जगात आणखी सात. सगळ्यांचा सांगाडा साधारण एकच: नकाशा, होकायंत्र, छोट्या किल्ल्या, एक मोठी किल्ली, मोठ्या किल्लीनं उघडणारी मोठी पेटी आणि तिच्यात त्या डंजनची खास वस्तू.

आता गंमत ही की ती खास वस्तू साधारणपणे त्याच डंजनमध्ये लगेच कामाला लावतात. पूर्वेचा महाल घ्या. मोठ्या पेटीत धनुष्यबाण. तो मिळाल्यावर बॉसच्या अलीकडच्या खोलीत एकडोळे लाल पुतळे येतात. तलवारीला ते दाद देत नाहीत. जवळ गेलं की डोळा उघडतात, तेव्हा बाण मारला की खलास. त्यानंतर बॉसच्या खोलीत सहा चिलखती पुतळे उड्या मारत येतात आणि त्यांनाही बाण चांगला लागू पडतो. म्हणजे वस्तू मिळाली, शांतपणे सराव झाला, मग परीक्षा. पुढं अंधाराच्या महालात हातोडा मिळतो आणि तिथल्या बॉसच्या तोंडावरचा मुखवटा हातोड्यानं फोडता येतो. दलदलीच्या महालात हुकशॉट, आणि बॉसभोवतीचे गोळे त्यानंच ओढून काढायचे. इतकं कळल्यावर बॉसपुढं अडलात तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: इथं नवीन काय मिळालं?

हा नियम सगळीकडे जसाच्या तसा लागू होत नाही. उजेडाच्या जगातल्या तिसऱ्या डंजनमध्ये, म्हणजे डोंगरावरच्या मनोऱ्यात, चंद्रमोती मिळतो, त्यानं बॉसला काहीएक होत नाही. त्याचा उपयोग सहाव्या पायरीत. आणि त्या मनोऱ्याच्या बॉसबद्दल मला वैयक्तिक राग आहे. मोल्डॉर्म नावाचा तो किडा धक्का मारून कडेवरून खालच्या मजल्यावर पाडतो. वर चढून परत आलात की तो पुन्हा ठणठणीत, लढाई पहिल्यापासून. मी स्वतः किती वेळा पडलो ते सांगत नाही. फक्त शेपटीवर मारायचं असतं. तलवारीचं बटण दाबून ठेवून सोडलं की लिंक गोल फिरून वार करतो, तो वार इथं कामी येतो, आणि कडेला उभं राहायचं नाही. डिझाइन म्हणून हे वाईट आहे असं माझं मत आहे. भाच्याला तो भाग सगळ्यांत भारी वाटला, त्यामुळे माझं मत बाजूला ठेवा.

पायरी पाचवी: गावातल्या माणसांशी बोला, दोनदा बोला

काकारिकोत आलात की भिंतीवर तुमचाच चेहरा चिकटवलेला दिसेल. राजकन्या पळवल्याचा आळ तुमच्यावर. काही बायका तुम्हाला पाहताच शिपायांना हाका मारतात. गावातले सगळे भले आणि शत्रू जंगलात, अशी सोपी वाटणी इथं नाही. पण घाबरून गाव टाळू नका. पेठेत एक जण रिकामी बाटली शंभर रुपींना विकतो, ती घ्याच. चलनाचं नावच रुपी आहे: हिरवा खडा एकचा, निळा पाचाचा, लाल विसाचा.

गावातल्या गप्पांत निम्मी माहिती दडलेली असते, आणि काही ठिकाणी आख्खी गोष्ट. या खेळातली सगळ्यांत चांगली गोष्ट माझ्या मते राजकन्येची नाहीच, ती बासरीवाल्या मुलाची आहे.

गावापासून थोडं लांब एका झाडीत एक मुलगा बासरी वाजवत बसलेला दिसतो. भोवती ससे, पाखरं. जवळ गेलात की सगळं विरून जातं. कुणी काही बोलत नाही. पुढं अंधाराच्या जगात त्याच जागी एक विचित्र प्राणी भेटतो. तोच तो मुलगा. सोन्याच्या शक्तीच्या शोधात आला आणि रूप बदलून इथंच अडकला. त्याची बासरी उजेडाच्या जगात पुरलेली आहे, ती शोधून आण म्हणतो आणि फावडं देतो. तुम्ही झाडीत जाऊन खणता, बासरी सापडते, परत येऊन त्याला एकदा वाजवून दाखवता. तो ऐकतो. मग त्याचं झाड होतं.

एवढंच. त्याला सोडवता येत नाही. गावातल्या पथिकाश्रमात त्याचा बाप बसलेला असतो, त्याच्यासमोर बासरी वाजवून पाहा. मी इथं सांगणार नाही. बासरी मात्र तुमच्याकडे राहते. गावातल्या वातकुक्कुटापुढं (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कोंबड्यापुढं) वाजवली की त्यातून पक्षी निघतो आणि पुढं तो तुम्हाला नकाशावरच्या आठ ठिकाणी उडवून नेतो. म्हणजे लांबचं अंतर वाचवणारी सोय, जी आजच्या खेळांत नुसती यादीतून निवडतात, ती इथं एका मुलाच्या दुःखातून हाती येते. नंतर कितीही वेळा बासरी वाजवा, तो मुलगा थोडासा आठवतोच. कथा आणि सोय वेगवेगळ्या डब्यांत न ठेवण्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पायरी सहावी: दोन जगं, एकच नकाशा

तीन पदकं मिळवायच्या आतच डोंगरावर एक चमकणारी जागा लागते. तिच्यावर पाऊल ठेवलं की अंधाराच्या जगात जाता, आणि तिथं तुमचा गुलाबी ससा होतो. तलवार चालत नाही, काही नाही. तिथलीच एक-दोन पात्रं सांगतात की या जगात ज्याच्या मनात जे असतं तसं त्याचं रूप होतं. ससेपण घालवायला चंद्रमोती लागतो, तो त्याच मनोऱ्यात. म्हणजे आधी अपमान, मग उपाय. ‘नाही म्हणजे नंतर’ इथंही आहेच, फक्त अडलेलं दार या वेळी तुम्ही स्वतः आहात.

मास्टर तलवार मिळाल्यावर खेळ संपत आला असं वाटतं. संपत नाही. राजवाड्याच्या मनोऱ्यातल्या अगाह्निम नावाच्या मांत्रिकाशी लढून झालं की तो तुम्हाला अंधाराच्या जगात ढकलतो, आणि खरा खेळ तिथून पुढं. (त्याचे मंत्राचे गोळे तलवारीनं परतवायचे. कीटक पकडायच्या जाळीनंही परततात. हे पहिल्यांदा कुणी करून पाहिलं असेल, त्याला सलाम.)

अंधाराचं जग म्हणजे त्याच नकाशाची विद्रूप जुळी बहीण. जिथं राजवाडा तिथं पिरॅमिड, जिथं काकारिको तिथं चोरांचं, हाकललेल्यांचं गाव, जिथं वाळवंट तिथं चिखलाची दलदल. तुमच्याकडे एक जादूचा आरसा असतो. अंधाराच्या जगात जिथं उभे आहात, आरसा वापरला की उजेडाच्या जगात नेमकं तिथंच उतरता.

हे भाच्याच्या डोक्यात शिरेना. मग त्याला वर्धा रोडची आठवण करून दिली. खाली रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. तिघंही एकाच जागेवर, पण पुलावरून जाताना खालच्या चहाच्या टपरीवर उतरता येत नाही. समज, तुझ्याकडे असा आरसा आहे की पुलावर बरोबर टपरीच्या डोक्यावर थांबलास आणि तो दाखवलास की तू खाली टपरीपाशी. आता टपरीला चारही बाजूंनी कुंपण असेल तर?

"तं पुलावरून जायचं अन् वरून उतरायचं," तो म्हणाला.

झालं. उजेडाच्या जगात एखादा कडा आहे, वर पेटी दिसते, चढायला वाट नाही. अंधाराच्या जगात त्याच ठिकाणी जा. तिथं कडा नसेल किंवा वाट वेगळी असेल. जागेवर पोचून आरसा वापरा. वहीत तिसरा रकाना आखा आणि प्रत्येक अडलेल्या जागेपुढं लिहा, ‘दुसऱ्या जगात इथं काय आहे?’ माझ्या अनुभवात अर्धे राहिलेले प्रश्न या एका रकान्यानं सुटतात.

अंधाराच्या जगात नकाशावर डंजनना आकडे दिलेले दिसतील. तो क्रम पाळलात तर बरं, पण सक्ती नाही, काही ठिकाणी मागंपुढं करता येतं. पहिल्यांदा खेळताना आकड्यांनी जा.

पायरी सातवी: अडलात तर

कान उघडे ठेवा. भिंतीवर तलवार टोचून पाहा, पोकळ भिंतीचा आवाज वेगळा येतो. कोडं सुटलं की एक छोटी धून वाजते, ती ऐकू आली म्हणजे कुठंतरी काहीतरी उघडलं. भविष्य सांगणाऱ्याच्या घरात पैसे देऊन इशारा मिळतो, लाज वाटून घेऊ नका.

आयुष्य वर बदामांत दाखवतात. सुरुवातीला तीन, जास्तीत जास्त वीस. बॉस हरवला की एक पूर्ण बदाम. शिवाय नकाशाभर बदामाचे 24 तुकडे लपलेले, चार गोळा केले की एक. जमत नसेल तर दोन दिवस फक्त तुकडे शोधत हिंडा, लढाया आपोआप सोप्या होतात. बाटल्या एकूण चार. बाटलीत परी कोंडून ठेवली तर मेल्यावर ती जिवंत करते. मोठ्या बॉसआधी निदान एका बाटलीत परी असू द्या.

पैसे उगाच उडवू नका. पोहण्याचे पंख झोरा नावाचा पाण्यातला राक्षस 500 रुपींना विकतो आणि त्यांच्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्याची ही किंमत मला आजही इतवारीतल्या व्यापाऱ्याला शोभेलशी वाटते. घासाघीस मात्र चालत नाही.

पायरी आठवी: आता स्वतःचा एक डंजन कागदावर काढा

ही पायरी ऐच्छिक आहे, पण खेळाची भाषा पक्की व्हायला याहून चांगला उपाय नाही. चौकटीची वही घ्या. सहा खोल्या पुरेत. आधी शेवटची खोली काढा, तिथं काय आहे ते ठरवा. मग तिला कुलूप लावा. किल्ली सगळ्यांत लांबच्या खोलीत ठेवा, पण वाट अशी आखा की किल्लीकडे जाताना ते कुलूप एकदा तरी नजरेस पडेल. मध्ये एक वस्तू ठेवा आणि तिच्या पुढच्याच खोलीत तिचा सोपा उपयोग. अवघड उपयोग शेवटी. शत्रू सगळ्यांत नंतर भरा. नवे लोक हटकून शत्रूंपासून सुरू करतात आणि नकाशा तसाच राहतो.

मग तो दुसऱ्याला खेळायला द्या. तो बोट फिरवेल, तुम्ही खोलीत काय दिसतं तेवढंच सांगायचं. इशारा द्यायचा नाही, भुवई उंचावायची नाही, ‘अरे तिकडे नाही’ म्हणायचं नाही. हे फार अवघड जातं.

भाच्यानं नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याचा डंजन काढला. बुरुज, विहीर, माजघर, सगळं रीतसर. मी खेळणार होतो, पण तो म्हणाला मामाला सगळं माहीत आहे, त्यानं काही कळणार नाही. म्हणून त्यानं आजीला बसवलं. आई माझी वय वर्षं बहात्तर, हातात निवडायची मेथी. तिनं किल्ली शोधली, दार पाहिलं, बरोबर मागं फिरली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. मग ती तडा गेलेल्या भिंतीपाशी आली.

"इथं भिंतीला तडा आहे," भाचा गंभीरपणे म्हणाला.

"मग? पावसाळ्याच्या आत सिमेंट भरून घ्या म्हणावं त्यायले. ओल येईल आत."

भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मी तोंड बंद ठेवलं. आजी तडा सोडून पुढं विहिरीकडे गेली, तिथून माजघरात, परत बुरुजावर, आणि शेवटी म्हणाली की बाबा, तुझ्या वाड्यात बाहेर पडायची वाटच नाही, मी भाजी टाकते.

ती आत गेल्यावर तो बराच वेळ पेन्सिल चावत बसला. मग खोडरबर घेऊन पहिली खोली पुसली. नव्यानं काढली, तिच्यात एक छोटा तडा, तड्याच्या शेजारीच जमिनीवर ठेवलेला बॉम्ब, आणि भिंतीपलीकडे खिडकीतून दिसणारी पेटी.

"आता आजीले बोलावू?"

"मेथी होऊ दे आधी," मी म्हटलं.